चौदाव्या प्रकरणाची क्वेरी

कादंबरीचं नाव सांगता येणार नाही, कागदावर सही केलेली आहे. अमेरिकन रहस्यकथा, चारशेच्या वर पानं, लेखक न्यूयॉर्क राज्यातला, प्रकाशकही तिकडचे. कॉपीएडिटिंग मात्र पुण्यात, माझ्या टेबलावर. नातेवाइकांना अजून हे खरं वाटत नाही. इंग्रजांची इंग्रजी तू काय सुधारणार, असं एका काकांनी लग्नाच्या पंगतीत विचारलं होतं. सुधारते काका, आणि पानामागे पैसे घेते. एरवी आमच्याकडे जर्नल्सच येतात. मूत्रपिंड, काँक्रीट, करकायदा. कादंबरी आली की अख्खा फ्लोअर डोळा ठेवून असतो. ही माझ्या वाट्याला आली, कारण मी एमएला समाजशास्त्र केलंय आणि आमच्या टीम लीडच्या मते 'आदिवासी वगैरे' माझ्या विषयात बसतं.

कथानकाचा पाया खरा आहे. १८२६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या बटाविया गावच्या विल्यम मॉर्गन नावाच्या माणसाने जाहीर केलं की फ्रीमेसन या शपथबद्ध गुप्त संघटनेतल्या मंडळींची सगळी गुपितं मी छापणार. सप्टेंबरात त्याला किरकोळ देण्यापायी कॅनन्डेग्वाच्या तुरुंगात टाकलं. मग कोणीतरी येऊन त्याचं देणं भागवलं, बाहेर आणलं, घोडागाडीत कोंबलं आणि नायगरा किल्ल्याकडे नेलं. पुढे तो कोणालाच दिसला नाही. त्यावरून इतका गदारोळ झाला की मेसनविरोधी पक्षच निघाला, १८३२ साली अध्यक्षपदाला उभा राहिला आणि व्हरमाँट राज्य जिंकलाही. आमच्या लेखकाने या भांड्यात इरोक्वॉय हे तिथले आदिवासी घातले होते. म्हणजे मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कायुगा, सेनेका आणि १७२२च्या सुमारास येऊन मिळालेले टस्करोरा, या सहा राष्ट्रांचा संघ. ते स्वतःला होडेनोशोनी म्हणवतात. कादंबरीत या संघाचा एक शिंपल्याच्या मण्यांचा पट्टा मॉर्गनबरोबर गायब होतो आणि दोनशे वर्षांनी रॉचेस्टरची एक अभिलेखपाल तो शोधायला निघते. मध्ये मेसन, सेनेकांची गुप्त मंडळं, भुयार, एक खून.

अशा पुस्तकात कॉपीएडिटर काय करतो? लोकांना वाटतं स्वल्पविराम. स्वल्पविराम असतातच, पण खरं काम असतं स्टाइलशीटचं. प्रत्येक नाव पहिल्यांदा कुठल्या पानावर आलं, स्पेलिंग काय, वय काय, डोळे कुठल्या रंगाचे, तो प्रसंग कुठल्या वर्षी, चंद्र होता की नव्हता. माझी स्टाइलशीट या पुस्तकापुरती तरी मूळ कादंबरीपेक्षा रहस्यमय झाली होती, हे मी जरा मिरवूनच सांगते. त्यात 'मॉर्गन' दोन. दुसरा लुइस हेन्री मॉर्गन, जन्म १८१८, वकील. समाजशास्त्रवाल्यांना तो आप्तसंबंधांमुळे ठाऊक असतो: चुलत्यालाही बाप आणि मावशीलाही आई म्हणणारी सेनेकांची पद्धत त्याने मांडली आणि तिचं तमिळ नात्यांशी असलेलं साम्य दाखवलं. तरुणपणी मात्र या गृहस्थाने ऑरोरा गावात मित्रांचं एक गुप्त मंडळ काढलं होतं. रात्री शेकोटी, तिथल्या आदिवासींसारखा वेष, दीक्षाविधी, शपथा. गंमत अशी की त्या मंडळाच्या बैठका भरायच्या मेसनांच्या ओस पडलेल्या लॉजमध्ये, म्हणजे सभागृहात. लॉज ओस का पडलं, तर पहिल्या मॉर्गनच्या प्रकरणानंतर राज्यात मेसन म्हणवून घ्यायची सोय राहिली नव्हती म्हणून. एका मॉर्गनमुळे घर रिकामं झालं आणि दुसरा मॉर्गन त्यात जाऊन बसला. लेखकाने हे वापरलंच नव्हतं! भुयार खणत बसला होता.

चुका मात्र मी भराभर काढल्या आणि क्वेरी, म्हणजे समासात लेखकाला प्रश्न, टाकत गेले. कॅनन्डेग्वाच्या तुरुंगाबाहेर १८२६ सालच्या रात्री ईली पार्कर हा सेनेका तरुण कंदील घेऊन उभा दाखवला होता. पार्करचा जन्म १८२८चा. (हाच पुढे अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या जनरल ग्रँटचा लष्करी सचिव झाला आणि १८६५ साली ॲपोमॅटॉक्सला दक्षिणेच्या शरणागतीच्या अटींची प्रत त्याच्याच हाताने लिहिली गेली. आणि हो, मेसनही झाला, तेही बटावियाच्या लॉजमध्ये. खरा इतिहास कादंबरीला असा सारखा चिडवत होता.) एका ठिकाणी हायावाथा पट्ट्यात, म्हणजे या संघाच्या खऱ्याखुऱ्या मण्यांच्या पट्ट्यात, ३६ ओळी आणि ६,५७४ मणी असं होतं. मी कॅल्क्युलेटर काढला. लांबीला १७३ मणी, तेव्हा ३६ने गुणाकार जमत नाही, ३८ने बरोबर जमतो. ओळी ३८च आहेत. आणि अकराव्या प्रकरणातली चोरी! रेड जॅकेट या सेनेका वक्त्याला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टनने १७९२ साली दिलेलं चांदीचं पदक २०२३मध्ये बफेलोच्या संग्रहालयातून चोरीला जातं. पण ते पदक संग्रहालयाने २०२१ सालीच सेनेका राष्ट्राला परत केलं, ते आता सॅलमँकाला त्यांच्या स्वतःच्या केंद्रात आहे. काचेची पेटी फोडून चोराच्या हाती काहीच लागलं नसतं. लेखकाने निमूटपणे प्रसंग २०१९ सालात ढकलला. बिचाऱ्याचे दोन मोबाइल फोन जुने करावे लागले.

फाइल शुक्रवारी जायची होती. गुरुवारी दुपारी साम्यतपासणीचा अहवाल आला. हे सॉफ्टवेअर मजकूर कुठून उचललाय का ते बघतं. कादंबऱ्यांत सहसा काही सापडत नाही, आली तरी गाण्याची ओळ. इथे चौदाव्या प्रकरणातले तीन परिच्छेद लालभडक. मूळ स्रोत: १९०९ साली एका मानववंशशास्त्राच्या नियतकालिकात आलेला, सेनेकांच्या गुप्त उपचार मंडळांवरचा लेख. लेखक आर्थर पार्कर, ईलीच्या भावाचा नातू. मी दोन्ही मजकूर शेजारी शेजारी उघडून वाचले. शब्द बदललेले, क्रम तोच. लाकडी मुखवटे घालून करायचा तो विधी, कोण आधी येतो, काय म्हणतात, काय देतात, सगळं. तपशील मी इथे देणार नाही, का ते पुढे कळेलच.

लीडचं म्हणणं सरळ होतं. "मॅडम, १९०९ म्हणजे कॉपीराइट संपलेला. परवानगी नको. फक्त उल्लेख टाका म्हणून एक क्वेरी द्या आणि क्लोज करा."

कायद्याने तो बरोबर होता. पण पदकाची तारीख शोधताना माझ्यासमोर आणखी एक कागद आलेला होता. होडेनोशोनींच्या महापरिषदेने १९९५ साली मुखवट्यांबद्दल काढलेलं धोरण. मुखवटे विकू नयेत, संग्रहालयात मांडू नयेत, त्यांच्या प्रतिकृती आणि चित्रंही नकोत. आणि त्यापुढे स्वच्छ लिहिलंय की या मंडळांची माहिती सर्वसाधारण लोकांत वाटायची नाही, बाहेरच्यांना त्यांच्या श्रद्धा आणि कामं तपासण्याचा, त्यांचा अर्थ लावण्याचा, ती मांडण्याचा हक्क नाही.

आता ही क्वेरी कोणत्या खान्यात टाकायची? आमच्या यादीत व्याकरण, सुसंगती, तथ्य, कायदा एवढेच खाने आहेत. व्याकरण उत्तम. तथ्य? पार्करच्या लेखाशी ताडून पाहिलं तर अक्षरशः बरोबर. सबंध पुस्तकात इतकं अचूक प्रकरण दुसरं नव्हतं. कंदीलवाला पार्कर चुकीचा होता म्हणून मला अधिकार होता. इथे लेखक बरोबर होता हीच अडचण.

शेजारच्या खुर्चीवरचा मुलगा, चांगला हुशार आहे, म्हणाला, "ताई, शंभर वर्षांपूर्वी छापून झालंय. आता लपवायचं काय उरलंय?" मी म्हटलं, माझ्या आजीने गुरुमंत्र मरेपर्यंत आजोबांनाही सांगितला नाही. मंत्रांची पुस्तकं अप्पा बळवंत चौकात ढिगाने मिळतात, म्हणून तिने सांगायला हवा होता का? तो म्हणाला, "पण आजीचा मंत्र कोणी कादंबरीत घातला असता तर तिला कळलं तरी असतं का?" याला उत्तर नव्हतं. तो परत आपल्या काँक्रीटकडे वळला.

क्वेरी लिहायला मला संध्याकाळ लागली. क्वेरीची एक भाषा असते. 'तुम्ही चुकलात' म्हणायचं नाही, 'हेच अभिप्रेत आहे ना?' म्हणायचं. लांबी दोन ओळी. मी नऊ ओळी लिहिल्या, कापून पाच केल्या. साम्य दाखवलं, १९०९चा उल्लेख सुचवला, १९९५चं धोरण सांगितलं आणि एक पर्याय दिला: नायिका लाँगहाउसच्या, म्हणजे त्यांच्या विधींच्या लांबट घराच्या, दारापर्यंत जाते, दार बंद होतं, आणि प्रकरण बाहेरच्या अंगणात चालतं. खून तसाही अंगणातच होतो. रहस्याला धक्का लागत नाही, उलट बरंच होतं. लीडने वाचलं, खांदे उडवले आणि फाइल सोडली. क्वेरी अडवली नाही, हे त्याच्या बाजूने लिहून ठेवते.

लेखकाची उत्तरं एरवी एका शब्दात असायची. यावेळी समासातला बुडबुडा पान ओलांडून खाली गेला. सभ्य माणूस आहे, चिडलेला दिसला तरी. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: आर्थर पार्कर स्वतः सेनेका घराण्यातला होता, त्याने छापलं तर मी का लपवू? आणि माझ्या आधीच्या कादंबरीकारांनी या लोकांना मनाला येतील ते विधी चिकटवले, कवट्या काय, रक्त काय. मी पहिल्यांदाच नीट वाचून खरं लिहिलंय. तुम्ही मला खोटं लिहायला सांगता आहात का?

पहिल्या मुद्द्याला उत्तर होतं, तेही अर्धंच. सेनेकांत कूळ आईकडून मोजतात. आर्थरची आई गोरी, त्यामुळे जन्माने तो त्यांच्यातला धरला जात नव्हता. पुढे त्याला दत्तक घेतलं गेलं. त्याला ज्यांनी सांगितलं ते कशासाठी सांगितलं, हे त्या लेखावरून मला ठरवता येत नाही. त्या काळी अनेकांना वाटत होतं की हे लोक संपत चालले आहेत, निदान कागदावर तरी राहू दे. लोक संपले नाहीत. दुसऱ्या मुद्द्यापुढे मात्र मी बराच वेळ बसून राहिले. सगळी कादंबरीभर मी त्याला अचूकपणासाठी टोचलं होतं. मण्यांच्या ओळी मोजायला लावल्या होत्या. आणि जिथे तो सर्वांत अचूक होता तिथेच मी दार लावून घ्या म्हणत होते. खोटं लिहू नका, खरंही लिहू नका, मधलं काय ते बघा, असंच ना?

त्याने शेवटी निम्मं ऐकलं. म्हटले जाणारे शब्द आणि क्रम काढला, तीन परिच्छेदांचा एक झाला. मुखवटा कसा कोरतात त्या चार ओळींवर 'स्टेट' लिहून पाठवलं, म्हणजे हात लावू नका. आम्ही लावला नाही. स्टेट म्हणजे स्टेट.

महिनाअखेरीच्या गुणपत्रकात क्वालिटीवाल्यांनी माझ्या नावावर एक 'अनावश्यक क्वेरी' टाकली. कारण: कक्षेबाहेरचा विषय. १८२६ सालच्या रात्री न जन्मलेला माणूस पकडला त्याचे गुण नाहीत, कारण 'ते अपेक्षितच आहे'. या विभागात बसलेल्यांनी शेवटची कादंबरी कधी वाचली असेल याची मला शंका आहे, पण त्यांना स्वल्पविराम मोजता येतात आणि गुणपत्रक मोजणाऱ्याच्या हातात असतं. भांडले. अर्धा गुण परत मिळाला.

दुसऱ्या प्रूफाच्या वेळी पुस्तकाच्या कण्याची जाडी काढायला मुखपृष्ठाची फाइल आमच्याकडे आली. काळ्या पार्श्वभूमीवर वाकड्या तोंडाचा, लांब केसांचा लाकडी मुखवटा, पानभर. मुखपृष्ठ आमच्या कामात येत नाही. तरी मेल लिहिला, धोरणातला चित्रांबद्दलचा भाग जोडला. लीडने पुढे पाठवला. उत्तर आलं की मुखपृष्ठ विक्री विभागाने मंजूर केलेलं आहे आणि मुखवटा कुठल्याही खऱ्या मुखवट्यावरून घेतलेला नाही, चित्रकाराने कल्पनेने काढलाय, त्यामुळे प्रश्न उद्भवत नाही.

म्हणजे आतला खरा मजकूर निम्मा काढला आणि बाहेर खोटा मुखवटा लागला. लेखकाचा प्रश्न इथे त्याच्याच बाजूने उभा राहतो, आणि मला अजून तो खोडता आलेला नाही. त्याला स्वतःला ते मुखपृष्ठ आवडलेलं नाही असं नंतर प्रूफाच्या शेऱ्यांवरून कळलं.

आणखी एक गोष्ट डोक्यातून जात नाही. लुइस मॉर्गनच्या त्या मंडळाचा दीक्षाविधी नवव्या प्रकरणात सबंध छापलाय, वेष आणि शपथांसकट. मॉर्गनचे कागद रॉचेस्टरच्या विद्यापीठात आहेत, वाचायला कोणी मना करत नाही. त्या प्रकरणावर मी एकही क्वेरी दिली नव्हती, आणि आज फाइल उघडली तरी देणार नाही. वकिलांच्या पोरांनी रात्री शेकोटीभोवती खेळलेला खेळ तो. पण हेच मंडळ पुढे टोनावांडाच्या सेनेकांच्या जमिनीसाठी एका जमीन कंपनीविरुद्ध उभं राहिलं, सह्या गोळा केल्या, १८४६ साली मॉर्गन अर्ज घेऊन वॉशिंग्टनला गेला. त्या वर्षी सेनेकांनी त्याला दत्तक घेतलं. त्या मॉर्गनला आत काय काय दाखवलं असेल, आणि त्यातलं किती त्याने इरोक्वॉयांवरच्या १८५१च्या पुस्तकात घातलं आणि किती घातलं नाही, हे एकदा बसून बघायचं आहे.

मालिकेचा दुसरा भाग येतोय म्हणे. लीडने विचारलं, घेणार का. घेते म्हटलं, पण मुखपृष्ठ आधी दाखवा. तो म्हणाला, विचारून बघतो.