मॅग्नेशिअमचा उजेड आणि चॅम्पियन यांचे वाघ

ताडोबाच्या जंगलात कॅमेरा ट्रॅप, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, लावणं हे माझं काम. या कामाची वाट शंभर वर्षांपूर्वी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने पाडली, आणि त्यांचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत. म्हणून स्मरणिकेसाठी लिहायला घेतल्यावर दुसरा विषय सुचलाच नाही.

आमचे विज्ञानाचे सर प्रयोग फळ्यावर काढून भागवत नसत. आठवीत त्यांनी खिडक्या लावून घेतल्या, चिमट्यात मॅग्नेशिअमची फीत धरली आणि पेटवली. आख्खा वर्ग क्षणभर पांढराफटक झाला. खालच्या बशीत राख पडली. मग सर म्हणाले, याच धातूची भुकटी उडवून एका माणसाने काळोखात वाघांचे फोटो काढले. समीकरण परीक्षेपुरतं राहिलं, ही गोष्ट मात्र डोक्यात बसली ती कायमची.

चॅम्पियन यांचा जन्म १८९३ चा, इंग्लंडमधला. वडील कीटकशास्त्रज्ञ. भाऊ हॅरी यांनी भारतातल्या जंगलांचं जे वर्गीकरण केलं, ते वनखात्यात आजही वापरात आहे. फ्रेडरिक १९१३ मध्ये भारतात आले, आधी पोलिसात होते, महायुद्धानंतर संयुक्त प्रांताच्या, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेश-उत्तराखंडच्या, वनखात्यात रुजू झाले. वाघ मारणं ही प्रतिष्ठेची गोष्ट असण्याचा तो काळ. साहेब, संस्थानिक, कुणीच मागे नव्हतं. अशा काळात हा माणूस शिवालिकच्या जंगलवाटांवर बारीक तार ताणून ठेवायचा. वाघाचा पाय तारेला लागला की कॅमेऱ्याची झडप उघडायची आणि भुकटीचा भडका उडायचा. काचेच्या प्लेटवर एकच फोटो. भुकटी एकदा उडाली की त्या कॅमेऱ्याचं रात्रीचं काम संपलं. मग तो वाघ असो की रानातून चुकत आलेलं एखादं गुरू.

१९२५ मध्ये ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ने त्यांचे वाघ पहिल्या पानावर छापले. १९२७ आणि १९३४ मध्ये त्यांची दोन पुस्तकं आली. नुसते फोटो काढून ते थांबले नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं. बंदुकीचे परवाने कमी करा, राखीव जंगलात मोटारी सोडू नका, जनावरं मारण्याची बक्षिसं घटवा, असं त्यांनी सरकारी नोकरीत असताना मांडलं. जिम कॉर्बेट यांना कॅमेऱ्याचा नाद लागला तोही चॅम्पियन यांच्यामुळे. १९३६ मध्ये देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं, आजचं कॉर्बेट. त्यासाठी झटणाऱ्यांत हे दोघेही होते.

प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे, त्यावरून तो ओळखता येतो, हे चॅम्पियन यांनी तेव्हाच हेरलं होतं. आपल्याकडे मात्र कितीतरी वर्षं पाऊलठशांवरूनच मोजणी चालली. राजस्थानातल्या सारिस्का व्याघ्र प्रकल्पात एकही वाघ उरला नसल्याचं २००५ मध्ये उघड झालं आणि ती पद्धत मोडीत निघाली. आता आम्ही वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन कॅमेरे बांधतो, साधारण गुडघ्याच्या उंचीवर. वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे सारखे नसतात, म्हणून दोन्ही बाजू टिपाव्या लागतात. समोरचं गवत कापायचं, नाहीतर वाऱ्याने पातं हललं तरी शेकडो फोटो निघतात. मग वनमजूर दादा कॅमेऱ्यासमोरून ओणवे होऊन वाघासारखे चालत जातात आणि दिवा लुकलुकला की आम्ही पुढच्या जागेकडे निघतो. २०२२ च्या गणनेत देशात सरासरी ३,६८२ वाघ असल्याचा अंदाज निघाला, त्यामागे अशी कितीतरी माणसं राबली आहेत.

या कामात असलेल्यांनाही चॅम्पियन हे नाव फारसं ठाऊक नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्यांच्या दुसऱ्या पुस्तकात तर वाघापलीकडच्या कितीतरी जनावरांना जागा आहे. तेव्हा मुख्याध्यापिका बाईंशी बोलून एक गोष्ट ठरवली आहे. माझे जुने दोन कॅमेरे शाळेला देतोय. दिवाळीच्या सुट्टीनंतर आठवी-नववीच्या मुलांना घेऊन ते शाळेमागच्या नाल्याकाठी बांधू. मुंगूस, उदमांजर, साळिंदर, जे काही येईल त्याचे फोटो प्रयोगशाळेबाहेरच्या भिंतीवर लावायचे, आणि त्या भिंतीला चॅम्पियन यांचं नाव द्यायचं. गावातल्या ज्या माजी विद्यार्थ्यांना यायचं असेल, त्यांनी बाईंकडे नाव नोंदवावं. नाल्यात उतरायचं आहे, बूट घालून या.