गॅसची कॅप्सूल

औषधांची पिशवी मी पहिल्याच दिवशी बघायला हवी होती.

आजी ६८ वर्षांच्या. मुलगा हाताला धरून ओपीडीत घेऊन आला. पाय घासत चालत होत्या, चेहरा थिजलेला, आवाज खोल गेलेला. मनगट वाकवलं की दातेरी चाकासारखं अडकत अडकत हलायचं. पार्किन्सन्स, असं लिहून मी त्यावरचं औषध, लेव्होडोपा, सुरू केलं. बाहेर साठेक पेशंट ताटकळत होते. ही सबब नाही, पण होते.

दीड महिन्यानं परत आल्या त्या तशाच. गुण काडीचा नाही, वर मळमळ. म्हटलं, "आजी, भाकरी थापून दाखवा बरं."

त्यांनी हवेतच दोन्ही तळहात समोरासमोर धरले. दोनदा थापलं, तिसऱ्यांदा हात तिथेच राहिले.

"पिठाला लागलं की हातच विसरतात बघा."

आणि दोन्ही सारखेच विसरत होते. पार्किन्सन्स बहुधा एका बाजूनं सुरू होतो, दुसरी नंतर धरतो. कंपही जवळजवळ नव्हता. आता मात्र विचारलं, आणखी काय घेता?

"काही नाही," मुलगा म्हणाला. "बीपीची एक, आणि ती गॅसची. सगळेच घेतात ती."

पिशवी टेबलावर उपडी केली. गॅसच्या कॅप्सूलच्या स्ट्रिपमागचं बारीक अक्षर वाचायला चष्मा कपाळावर सरकवावा लागला. आम्लपित्तावरचं पँटोप्राझोल, आणि शेजारी लेव्होसल्पिराइड, ७५ मिलिग्रॅम. कुणीतरी पंधरा दिवसांसाठी लिहून दिली होती. पुढे रिकामी स्ट्रिप दाखवून मेडिकलमधून आठ महिने येत राहिली, रोज उपाशीपोटी एक.

डोपामाइन म्हणजे पेशींना निरोप पोचवणारं रसायन. ते जिथे जाऊन बसतं त्या रिसेप्टरचे पाच प्रकार, डी१ ते डी५. लेव्होसल्पिराइड डी२ अडवतं. जठरातले अडवले की पोट लवकर रिकामं होतं, म्हणून ते गॅसवर. पण मूळ घराणं मनोविकारांवरच्या औषधांचं, आणि ते मेंदूतही पोचतं. मुलाला मी एसटीचं उदाहरण दिलं. डोपामाइन म्हणजे प्रवासी, रिसेप्टर म्हणजे जागा. पार्किन्सन्समध्ये जागा रिकाम्या असतात, प्रवासीच येत नाहीत. इथे प्रवासी आहेत, पण खिडकीतून रुमाल टाकून जागा कुणीतरी धरून ठेवल्यात. लेव्होडोपाचं मेंदूत डोपामाइन होतं, म्हणजे मी ते देऊन आणखी प्रवासी कोंबत होतो. १९५०च्या दशकात स्वीडिश शास्त्रज्ञ अर्विद कार्लसन यांनी सर्पगंधेतल्या रेसर्पिननं थिजवलेले प्राणी लेव्होडोपानं हलते केले, कारण तिथे प्रवासी संपले होते, जागा मोकळ्या होत्या. पुढे, २०००मध्ये, त्यांना नोबेल मिळालं. मला आजींच्या मुलाची माफी मागावी लागली.

कॅप्सूल त्याच दिवशी बंद केली, लेव्होडोपा हळूहळू उतरवलं. सांगून ठेवलं, कॅप्सूलचा असर उतरायला महिने लागतात, आणि काहींमध्ये खाली दडलेला खरा पार्किन्सन्स निघतो. खात्री देत नाही.

तीन महिन्यांनी आजी स्वतः दार लोटून आत आल्या. न सांगताच बांगड्या मागे सारून हवेत भाकरी थापायला लागल्या. बोटं पसरून, गोल फिरवत. डावा हात किंचित मागे राहतोय. त्याच्यावर माझी नजर आहे.

निघताना मुलगा दारातून परत फिरला.

"डॉक्टर, मग आता गॅसला काय देता?"