तुम्ही विचारलंत म्हणून: डीट्रिशची 'हेल्प'

"जर्मन नटी मार्लेन डीट्रिश बर्लिनहून हॉलिवूडला गेली आणि तिकडची झाली. मग आमच्या बोलण्यातलं गाव का जात नाही?" उच्चार शिकायला येणाऱ्यांचा हा ठरलेला प्रश्न. पुन्हा सांगतो, तिच्या बोलण्यातलंही गेलं नाही. शेवटपर्यंत नाही.

1 एप्रिल 1930 ला तिच्या 'ब्लू एंजल' चित्रपटाचा पहिला खेळ झाला आणि त्याच रात्री, पाच वर्षांची मुलगी मागे ठेवून, तिने बर्लिन सोडलं. इंग्रजी तिला येत होतं. तो चित्रपट जर्मन आणि इंग्रजी दोन्हींत केलेला. तरी 'मोरोक्को' या हॉलिवूडच्या चित्रपटातल्या बोटीवरच्या प्रसंगात ती 'हेल्प' या एका शब्दावर अडली. मध्ये स्वर घुसत होता. सगळ्या युनिटसमोर दिग्दर्शक स्टर्नबर्गने टेकवर टेक घेतले.

तोंडाने करून बघा. 'ल'ला जिभेचं टोक वरच्या दातांमागे टेकतं. ते टेकलेलं असतानाच ओठ मिटायला हवेत. जीभ आधी सुटली की मधल्या फटीतून आवाज निसटतो आणि 'हेलप' होतं. आपण 'फिल्म'चं 'फिलम' करतो ते असंच. म्हणून 'हेल' म्हणून 'ल' दोन सेकंद लांबवा आणि तो चालू असतानाच ओठ मिटा. 'प' फोडू नका, तिथेच थांबा. आठ-दहा वेळा पुरे. पुढे जबडा ताठतो, आणि ताठलेल्या जबड्यात जीभ लवकर सुटते.

जर्मन जिभेला 'ल्प' जमत नाही, असं मीही शिकवत आलो. ते चूक होतं. जर्मनमध्ये अर्ध्याला 'हाल्ब' म्हणतात आणि शेवटचा 'ब' तिथे 'प'सारखाच ऐकू येतो. म्हणजे ही जोडी तिच्या तोंडात लहानपणापासून होती. अडला तो जबडा. परका सेट, परकी माणसं, आणि चूक ऐकायला टपलेला माइक.

तुमची जीभ कमी पडते, असं म्हणूनच मी म्हणत नाही. तुम्ही एका सुट्या स्वराऐवजी अख्खं गाव पुसायला निघता, माझी तक्रार एवढीच आहे. 'मोरोक्को'साठी तिला ऑस्करचं नामांकन मिळालं, ते जर्मन वळणाच्या इंग्रजीसकट.

आणि हो, त्या टेकांना मी छळच म्हणतो. पण त्यांच्याशिवाय 'हेल्प'चं ते वाक्य पडद्यावर तसं आलं असतं, असंही मला छातीठोकपणे म्हणता येत नाही.