आमची वाटचाल : भाड्यात आधी ड्रायव्हरची रक्कम

निपाणी, चिकोडी, संकेश्वर, अथणी या पट्ट्यातली साखर आणि गूळ, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतलं कास्टिंग (ओतीव धातूचे भाग) हा माल पुणे-मुंबईकडे न्यायचा आणि परतीला भंगार, पत्रा, केमिकलचे ड्रम आणायचे, हा आमच्या फर्मचा धंदा. गाड्या नऊ, बहुतेक दहाचाकी.

धोरण दिल्लीत ठरो की बेंगळुरूत, त्याचा भार कुणावर पडला हे फेरीच्या हिशोबात दिसतं. डिझेल, टोल, बँकेचा हप्ता, विमा, टायर यांतलं काहीच चुकवता येत नाही. मालकाला कमी-जास्त करता येते ती एकच रक्कम, ड्रायव्हरचा पगार आणि बाटा (वाटखर्चाचा भत्ता). म्हणून आमच्याकडे भाडं काढताना ड्रायव्हरची रक्कम पहिल्या ओळीत लिहिली जाते, बाकीचं त्याखाली. ऐकायला हे सोपं आहे, पण तेवढ्यासाठी धंद्यातल्या बऱ्याच जुन्या पद्धती मोडाव्या लागल्या.

जुलै २०१८ मध्ये केंद्राने एक्सलवरचं मंजूर वजन वाढवलं. दहाचाकीचं एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टनांवर गेलं. गाडीचं स्वतःचं वजन साडेनऊ टन धरा. म्हणजे जिथे ५० किलोची ३१० पोती बसायची तिथे ३८० बसू लागली. बाजारात माल तेवढाच आणि गाड्यांची ताकद मात्र एकदम वाढलेली. साहजिकच टनामागचा दर खाली आला आणि जास्त माल नेऊनही फेरीची कमाई त्या प्रमाणात वाढली नाही. टायर, पाटे आणि ब्रेक लायनर मात्र वाढलेल्या वजनाने झिजणारच. जी मंडळी मंजुरीपेक्षा जास्त माल भरून दर पाडत होती, ती नव्या मर्यादेच्याही वर भरू लागली. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीत ओव्हरलोडला २० हजार रुपये आणि जादा टनामागे २ हजार दंड ठेवला आहे, शिवाय जादा माल उतरवूनच गाडी सुटते. रस्त्यात सापडतो तो ड्रायव्हर. आमचा नियम असा की वजनकाट्याची पावती बघितल्याशिवाय बिल्टी (माल गाडीत घेतल्याची पावती) फाडायची नाही, आणि जादा माल नाकारण्याचा अधिकार ड्रायव्हरलाच.

साखरेच्या भाड्याचं गणित बाहेरच्या माणसाला लवकर उमगत नाही. जून २०१८ पासून केंद्र सरकार प्रत्येक कारखान्याला महिन्याचा विक्री कोटा ठरवून देतं. कोटा त्याच महिन्यात विकायचा असतो, त्यामुळे पंधरा तारखेपर्यंत गाड्या रिकाम्या उभ्या आणि शेवटच्या आठवड्यात गोदामापुढे रांगच रांग. ड्रायव्हरला फेरीवर पैसे मिळत असतील तर पहिले पंधरवडे कोरडे जातात आणि महिनाअखेरीस तो झोप न घेता गाडी हाणतो. निर्यातीचंही तसंच. १ जून २०२२ पासून साखर निर्यातीवर मर्यादा आली, २०२३-२४ च्या हंगामात निर्यात बंदच राहिली आणि जानेवारी २०२५ मध्ये १० लाख टनांपुरती वाट उघडली. बंदराच्या लांब फेऱ्या गेल्या की ड्रायव्हरच्या हाती जवळच्या, कमी बाट्याच्या फेऱ्या उरतात. फेरीवरची मजुरी बंद करून आम्ही महिन्याचा ठरलेला पगार आणि वर किलोमीटरप्रमाणे बाटा सुरू केला, तो या चढउतारामुळे. कोट्याचा मार गाडीने सोसावा, घरच्या किराण्याने सोसू नये.

डिझेलकडे वळू. एके काळी महाराष्ट्राच्या गाड्या सीमेवरचं कोगनोळी ओलांडून निपाणीच्या पंपावर टाकी फुल करायच्या, कारण कर्नाटकात डिझेल स्वस्त होतं. जून २०२४ मध्ये राज्याने विक्रीकर वाढवल्यावर लिटरमागे सुमारे तीन रुपये चढले, १ एप्रिल २०२५ ला आणखी दोन. तो फरक जवळजवळ मिटला. पाच रुपयांचा अर्थ असा: बेळगाव ते मुंबईजवळचं न्हावा शेवा बंदर एका बाजूने साधारण पावणेपाचशे किलोमीटर. भरलेली दहाचाकी लिटरला चार किलोमीटर देते, परतीला हलका माल असेल तर पाच. फेरीला २१५ लिटर लागतात, म्हणजे १,०७५ रुपये जास्त. १९ टनांवर वाटले तर टनामागे ५७ रुपये. डिझेल जीएसटीच्या बाहेर असल्यामुळे यातला एक पैसाही वजावटीत परत मिळत नाही. नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या करारात आम्ही त्या दिवशीचा पंपाचा दर लिहून घेतो. दर दोन रुपयांपेक्षा जास्त हलला की याच हिशोबाने भाडं वर किंवा खाली. व्यापारी आधी नाही म्हणतात, पण दर उतरल्यावर भाडं उतरवलेलं एकदा पाहिलं की पुढे हरकत घेत नाहीत. ब्रोकरकडून उचललेल्या मालाला हे कलम लागू होत नाही, तिथे रोजचा बाजारभाव चालतो.

डिझेलशी जोडलेली आणखी एक पद्धत या धंद्यात आहे आणि ती जीव घेते. मालक फेरीला ठरावीक लिटर 'फिक्स' देतो. वाचलं ते ड्रायव्हरचं, कमी पडलं तर पगारातून कापायचं. पगार तोकडा असला की वाचवलेलं डिझेल हीच कमाई होते. मग खंबाटकी घाटात, पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यानंतर नवले पुलाच्या उताराला गाडी न्यूट्रल होते, काही जण इंजिनही बंद करतात. इंजिन बंद झालं की एअर ब्रेकचा कॉम्प्रेसर थांबतो. प्रत्येक वेळी पाय दाबला की टाकीतली हवा उतरते आणि नवी भरत नाही. पॉवर स्टिअरिंग जड होतं. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू असलं तरी इंजिनचा अडसर नसल्याने सगळा भार लायनरवर येतो, ड्रम तापतो आणि ब्रेक धरेनासा होतो. त्या उतारावरच्या अपघातांत न्यूट्रलचं कारण पुन्हा पुन्हा पुढे आलं आहे. मुळात ही बचत खोटी आहे. आताच्या इलेक्ट्रॉनिक इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर डिझेल तोडतो, उलट न्यूट्रलवर इंजिन चालू ठेवायला डिझेल जळत राहतं. आम्ही फिक्स पद्धत पूर्ण काढून टाकली. डिझेल कार्डवर, टोल फास्टॅगवर, ड्रायव्हरच्या खिशात या दोन्हींसाठी रोख द्यायचीच नाही. अ‍ॅव्हरेज पडलं तर आधी एअर फिल्टर, टायरची हवा, अलाइनमेंट आणि चिकटलेला ब्रेक तपासायचा. पगाराला हात लावायचा नाही.

एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुराचे बीएस-६ नियम आले आणि नवीन खर्च चिकटला. धूर साफ करायला युरियाचं द्रावण डिझेलच्या साधारण पाच टक्के लागतं. त्यात युरियाचं प्रमाण ३२.५ टक्केच हवं. पैसे वाचवायला पाणी मिसळलं किंवा भलताच युरिया घातला की नोझलवर पांढरे खडे धरतात, सेन्सर खूण देतो आणि गाडीची ताकद आपोआप उतरते. चढावर भरलेली गाडी मग सरकत नाही. दुसरं म्हणजे सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर. हंगामात कारखान्याच्या आवारात सारखं थांबत-सरकत चालल्याने तो लवकर भरतो आणि गाडी उभी करून जाळून साफ करावा लागतो. त्या वेळी धूर पाच-सहाशे अंशांपर्यंत तापतो. खाली उसाचा पाला किंवा बगॅस (उसाचा चोथा) पडलेला असेल तर आग लागते. साफ सिमेंटची किंवा मुरमाची जागा बघूनच बटण दाबायचं, हे प्रत्येक नव्या ड्रायव्हरला पहिल्या दिवशी दाखवलं जातं.

ई-वे बिलाचं, म्हणजे मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाचं, थोडक्यात. दर २०० किलोमीटरला एक दिवस मुदत, म्हणजे न्हावा शेवाला तीन दिवस. मुदतवाढ ही मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंतच मिळते, आणि बिघाडाने गाडी बदलली तर बिलाच्या भाग 'ब' मध्ये गाडीचा नवा नंबर भरावा लागतो. हे काम ऑफिसचं. रात्री दोन वाजता जीएसटीच्या पथकाने अडवलं तर ड्रायव्हरने उत्तर देत बसायचं नाही, फोन ऑफिसला जोडून द्यायचा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रक आणि टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, मालवाहू गाडीच्या थर्ड पार्टी विम्यावरचा १२ वरून ५ वर. आमच्यासारख्यांच्या भाड्यावरचा कर भाडं देणारा भरतो, आम्हाला वजावट मिळत नाही, त्यामुळे ही कपात थेट शिल्लक पडते. २० हजार मूळ किमतीच्या टायरमागे २ हजार, दहा टायरांना २० हजार. ही शिल्लक आम्ही हॉल्टिंगकडे, म्हणजे गाडी अडकून उभी राहते त्या दिवसांच्या पैशांकडे, वळवली.

हॉल्टिंग हा ड्रायव्हरचा सगळ्यात मोठा आणि कुठेच न लिहिलेला तोटा. गोदामात हमाल नाहीत, पावसाळ्यात चोर्ला किंवा अनमोड घाट अवजड गाड्यांना बंद, ऊसदराच्या आंदोलनात रस्ता अडलेला. डिसेंबर २०२२ मध्ये सीमावाद पेटला तेव्हा हिरेबागेवाडी टोलनाक्याजवळ महाराष्ट्र पासिंगच्या ट्रकांवर दगड पडले. अशा वेळी चाक फिरत नाही, पण जेवण, अंघोळ, पार्किंगचे पैसे चालूच. म्हणून गाडी पोहोचल्याची वेळ बिल्टीवर गेटच्या शिक्क्यासह घ्यायची. पहिले २४ तास माफ, पुढे दिवसाचा दर गिऱ्हाइकाच्या बिलात लावायचा. गिऱ्हाइकाने तो दिला नाही तरी ड्रायव्हरचा उभ्या दिवसाचा बाटा पहिल्या दिवसापासून फर्म देते. वसुली कधी होते, कधी होत नाही. गेटचा शिक्का असला की बहुतेक वेळा होते, म्हणून शिक्क्याशिवाय आत गाडी लावू नका, असं ड्रायव्हर मंडळींना सांगून ठेवलं आहे.