टोपी, गंडा आणि पानं

फसवणुकीचे मराठी शब्द आठवायला बसलं, की सत्काराचं सामान मांडल्यासारखं वाटतं. टोपी घालणं, गंडा घालणं, तोंडाला पानं पुसणं. पानांमागोमाग चुनाही आलाच. गंडा तर गुरूनं शिष्याच्या मनगटाला बांधायचा! शाल-श्रीफळ तेवढं राहिलं. चोर गुपचूप नेतो, दरोडेखोर दम देऊन नेतो; भामटा मात्र आधी पाटावर बसवतो.

कायद्याच्या भाषेत असला लाघवीपणा नाही. तिथे नुसता आकडा. १८६० च्या दंडसंहितेतलं ४२० आपण घराघरांत नेऊन त्याचं विशेषण केलं. १ जुलै २०२४ पासून हा गुन्हा न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये गेला, पण 'महा तीनशे अठरा माणूस आहे' असं म्हणताना अजून कुणी ऐकलं नाही.

आणि आपला लाडका भामटा म्हणजे लखोबा लोखंडे. काझी नावाच्या खऱ्याखुऱ्या भामट्याच्या खटल्यावरून आचार्य अत्र्यांनी 'तो मी नव्हेच' लिहिलं, ते १९६२ साली रंगमंचावर आलं. निपाणीचा हा तंबाखूवाला वेगवेगळी नावं घेऊन लग्नं करतो, बायकांना लुबाडतो आणि कोर्टात स्वतःच स्वतःची बाजू मांडतो. रंगमंच फिरायचा, प्रभाकर पणशीकर नव्या वेशात उभे राहायचे, की टाळ्या. खरं तर साक्षीला येणाऱ्या त्या बायांचं रडणं खरं असतं. पण आपण प्रेक्षक कुणाच्या बाजूनं असतो? मी तरी लखोबाच्या. उलटतपासणीत तो आता कसा निसटतो, याचीच मला उत्सुकता. तिकीट काढलेलं असलं की दुसऱ्याच्या डोक्यावरची टोपी छान दिसते.

गेल्या वर्षी ती आमच्या मावशीच्या डोक्यावर आली. 'बिल भरलं नाही, आज रात्री वीज तोडणार' असा फोन. मग एक लिंक, मग ओटीपी. पाच हजार गेले, असं ती सगळ्यांना सांगते. पासबुक भरून आणलं ते मी. आकडा अठरा हजारांचा होता. मी काही बोललो नाही.

परवा विषय निघाला तेव्हा म्हणाली, "मेल्यानं आधी विचारलं होतं रे, काकू, जेवण झालं का म्हणून."