काय झालं, बरं मग, आता पुढे?

चवथ (गणेशचतुर्थी) झाली, माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगलेली फळाफुलांची चौकट, उतरवली, नेवऱ्यांचा (करंज्यांचा) शेवटचा डबा समोर आहे आणि मी गोव्यातल्या म्हार्दोळच्या घरी सोप्यावर बसून न्यूझीलंडमधल्या माझ्या लायब्ररीच्या नोकरीचा होमवर्क करतेय. आई दोनदा येऊन गेली, "सुट्टीवर आलीस ना गो, मग तिथलं काम इथं कशाला आणलंस?" आता तिला काय सांगू, हे काम नाहीच, हे कामाबद्दल लिहिणं आहे आणि मला विचाराल तर कामापेक्षा जड.

मागे बऱ्याच जणांनी विचारलं होतं की तिकडे लायब्रेरियन म्हणजे नक्की काय करतात आणि आपली डिग्री चालते का. डिग्रीचं परत कधीतरी, आज फक्त रजिस्ट्रेशनचं. लियान्झा म्हणून तिथल्या ग्रंथपालांची संघटना आहे, १९१० पासूनची. तिच्याकडे व्यावसायिक म्हणून नाव नोंदवता येतं, सक्ती नाही, पण एकदा नोंदवलं की दर ३ वर्षांनी दाखवावं लागतं की बाई अजून शिकतेय. नुसती सर्टिफिकेटं जोडून भागत नाही, काय शिकलात आणि त्याने तुमच्या कामात काय बदललं ते जर्नलमध्ये लिहायचं.

शिकायला काय, ऑनलाइन ढीग पडलाय. २००६ साली अमेरिकेत शार्लटच्या पब्लिक लायब्ररीत हेलीन ब्लोअर्स या बाईंनी स्टाफसाठी '२३ थिंग्ज' काढलं, म्हणजे ब्लॉग, आरएसएस, फोटो शेअरिंग, विकी अशा २३ गोष्टी आपापल्या सवडीने करून बघायच्या आणि त्याबद्दल लिहायचं, सगळं पूर्ण करणाऱ्याला एमपीथ्री प्लेअर. मग ते जगभर पसरलं. मी त्याचीच एक नंतरची आवृत्ती केली. खरं सांगू, त्यातली निम्मी टूल्स आज कुणी वापरत नाही आणि एमपीथ्री प्लेअर तर आता म्युझियममध्येच मिळेल. टिकली ती दर आठवड्याला बसून चार ओळी लिहायची सवय, तीसुद्धा रडतखडत.

आणि कोहा! कोहा हे लायब्ररी चालवायचं सॉफ्टवेअर आपल्याकडे कितीतरी लायब्ऱ्यांत आहे, गोव्यात नोकरीला असताना मीही त्यावरच देवघेव करायचे, पण ते न्यूझीलंडचं हे तिथे जाईपर्यंत मला माहीत नव्हतं. लेव्हिन नावाचं छोटं गाव, तिथल्या लायब्ररीची जुनी सिस्टिम २००० साल उजाडलं की गडबडणार होती, मग होरोफेनुआ लायब्ररी ट्रस्टने एका छोट्या कंपनीकडून नवी करून घेतली, ३ जानेवारी २००० ला सुरू केली आणि कोड सगळ्यांना खुला करून टाकला. कोहा हा माओरी शब्द, अर्थ भेट, पण घेणाऱ्याने कधीतरी काहीतरी परत द्यावं अशी भेट. आपल्याकडे शेजारणीचा डबा रिकामा परत पाठवत नाहीत, निदान साखर तरी घालतात, तसंच काहीसं. मी मात्र इतकी वर्षं डबा रिकामाच ठेवला होता.

तर जर्नल. पहिल्या वर्षी मी काय लिहिलं असेल? "वेबिनार खूप माहितीपूर्ण होता, पुष्कळ शिकायला मिळालं." अशा अकरा नोंदी. माझी मेंटॉर माणूस गोड आहे, पण तिने प्रत्येक नोंदीखाली तेच दोन शब्द लिहिले, सो व्हॉट? मी चिडले. मग तिनेच समजावलं की टेरी बॉर्टन नावाच्या शिक्षकाने १९७० च्या सुमारास हे तीन प्रश्न मांडलेत, मराठीत सांगायचं तर काय झालं, बरं मग, आता पुढे. नंतर १९८३ साली डोनाल्ड शॉन नावाच्या अभ्यासकांनी मांडलं की जाणकार माणूस दोनदा विचार करतो, एकदा काम करता करता आणि एकदा ते झाल्यावर. वाचताना वाटलं, यात काय मोठंसं. पण लिहायला बसले की हात चालेना.

कारण आपण वाढलोच वेगळ्या शिस्तीत. नोकरीत वर्षाच्या शेवटी स्वतःबद्दल लिहायचा फॉर्म असायचा, त्यात फक्त काय काय केलं त्याचे आकडे, चूक कागदावर आली म्हणजे मेमो आला. माझे तेव्हाचे सर कुजबुजून सांगायचे, "बाय, जे झालं ते तोंडी सांग, लिहू नको." आणि मराठीत तर लपायला इतकी जागा आहे, 'चूक झाली' म्हणायचं, जशी ती आपली आपण झाली, पाऊस पडल्यासारखी. जर्नल द्यायचं इंग्लिशमध्ये, पण पहिला खर्डा मी मराठीत लिहिते (घरात बोलतो कोंकणी, पण शाळेपासून हात मराठीला बसलाय), तर त्या खर्ड्यात 'मी चुकले' हे दोन शब्द लिहायला मला तीन दिवस लागले.

झालं होतं असं. एक माओरी आजी काउंटरवर आल्या, म्हणाल्या फाकापापाबद्दल काही आहे का. फाकापापा म्हणजे वंशावळ, पण नुसती नावांची यादी नाही, त्यात डोंगर, नदी, तुमची माणसं सगळं आलं. मी हसून सांगितलं, ९२९ (लायब्ररीत वंशावळीच्या पुस्तकांचा नंबर), तिकडे तिसरा रॅक. त्या गेल्या, पाच मिनिटांनी तशाच बाहेर निघून गेल्या. मला काहीच वाटलं नाही, नंबर बरोबर होता ना! दुपारी सहकाऱ्याने सांगितलं की त्यांना आजोबांच्या निधनाची जुनी बातमी हवी होती, म्हणजे पेपर्स पास्ट या वेबसाइटवर, जिथे नॅशनल लायब्ररीने जुनी वर्तमानपत्रं फुकट ठेवलीयत, शेजारी बसून शोधलं असतं तर बहुतेक दहा मिनिटांत मिळाली असती.

हे लिहिताना मला गोव्यातली एक दुपार आठवली, जी मी साफ विसरले होते. महाराष्ट्रातून एक कुटुंब आलेलं, आजी, मुलगा, सून. आजींना एवढंच ठाऊक की कुलदेवता म्हाळसा आणि मूळ गाव वेर्णे. पोर्तुगीजांच्या काळात देवी वेर्ण्याहून आमच्या म्हार्दोळला आली हे इथलं शेंबडं पोरही सांगेल, मी तर गावचीच. आणि मी काय सांगितलं? "इतिहास ९५४, त्या बाजूला बघा." दोन देश, दोन आज्या, आणि दोघींना मी नंबर दिला. कुळ शोधायला आलेल्या माणसाला एक साधा प्रश्न विचारायचा असतो, घरात काय सांगतात हो तुमच्या, तो मी विचारलाच नाही.

मग 'आता पुढे' मध्ये काय लिहू? 'यापुढे काळजी घेईन' लिहिलं असतं तर मेंटॉरने परत दोन शब्द लिहिले असते. म्हणून नावांचं एक टेबल करायला घेतलंय. लायब्ररीवाल्यांना डेटाची कामं शिकवणाऱ्या लायब्ररी कार्पेंट्रीच्या ऑनलाइन वर्कशॉपमध्ये ओपनरिफाइन हे सॉफ्टवेअर शिकले, ते एकसारखी दिसणारी नावं गोळा करून विचारतं, ही एकच आहेत का? झकास चालतं, पण गोव्याच्या नावांपुढे हात टेकतं. कामतांचं पोर्तुगीज कागदावर कामोतीं, प्रभूंचं पोरोबो, स्पेलिंग अशी की मशीनला ही दोन वेगळी माणसं वाटतात, आणि कुळ शोधणारा अडकतो तो नेमका इथे. तर जुनं स्पेलिंग, आजचं आडनाव, कुठल्या कागदात सापडलं, असे तीन कॉलम. ते आमच्या जुन्या वाचनालयाला द्यायचे. डब्यातली साखर म्हणा.

आज पहाटे तिकडच्या ग्रुपची ऑनलाइन मीटिंग होती, तिथले दुपारचे १२ म्हणजे आपले ५.३०. मी टेबल दाखवत होते तेवढ्यात बाहेर पोदेराचा (पाववाल्याचा) पों पों सुरू, सगळ्यांनी विचारलं हे काय, मग दहा मिनिटं पावावरच गेली. आवाजाने बाबा उठले, मागे उभं राहून स्क्रीन वाचत होते. मीटिंग संपल्यावर म्हणाले, "आमचं कुठाय?" मी म्हटलं आपलं काय, आपण साधे नायक. ते आत गेले, पेटीतून आजोबांचा जन्मदाखला घेऊन आले, घडीवर फाटलेला. त्यात नायक असं लिहिलंय की शेवटी क्यू, यू आणि ई. ४० नावं गोळा केली मी, घरची पेटी काही उघडली नव्हती.

४१ वी ओळ टाकली. नेट गेलंय, फोंड्याला बाजारात गेले की अपलोड करते.