विल्यम्स पेअर क्विन्सवर: दोन जोडांचं कलम, मार्च ते जून

खुंट (मुळांकडचं झाड) क्विन्स ए, म्हणजे पेअरच्या नात्यातल्या क्विन्स या फळझाडाचा एक प्रकार; मधला तुकडा ब्यूरे हार्डी आणि वर विल्यम्स, या दोन्ही पेअरच्या जाती. एकूण ८ कलमं, इंग्लंडच्या हवामानात.

विल्यम्स क्विन्सवर थेट बांधू नका. सुरुवातीची काही वर्षं झाड ठणठणीत दिसतं आणि मग फळांनी लगडलेलं असताना एखाद्या वाऱ्यात जोडापाशीच मोडतं, करवतीने कापल्यासारखं सपाट. क्विन्समधलं प्रुनासिन हे सायनाइड बांधून ठेवणारं रसायन वर चढतं, विल्यम्सच्या सालीत त्याचं विघटन होऊन सायनाइड सुटतं आणि जोडाजवळच्या पेशी मरतात. हार्डीचं दोघांशीही जमतं. कॉन्फरन्स आणि कॉमिस या पेअरच्या जातींना ही खटपट लागत नाही.

मार्च. काड्या जानेवारीत काढलेल्या, पेन्सिलीच्या जाडीच्या, ओल्या कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवलेल्या. शेजारी सफरचंदं ठेवू नयेत, त्यांतून सुटणाऱ्या इथिलीन वायूने काडीवरचे डोळे (कोंब फुटण्याच्या जागा) मरतात. तिरका काप ३ ते ४ सेंमी, एकाच ओढीत. चाकू दुसऱ्यांदा फिरवला की पृष्ठभाग खालीवर होतो आणि जोडात फट राहते. जाडी जुळत नसेल तर एका कडेची साल सालीला नेमकी भिडवायची. हार्डीचा तुकडा १० सेंमी, विल्यम्सवर ३ डोळे, टोकाला मेण.

हार्डीचा तुकडा उलटा बसणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. दोन्ही टोकं कापलेली असल्याने टेबलावर चटकन कळत नाही. डोळ्यालगतचा पानाच्या देठाचा वण पाहा, तो डोळ्याच्या खाली हवा.

मे. ८ पैकी ६ धरली. उरलेल्या दोन्हींत वरचा जोड सुकला, पट्टी सैल होती. हार्डीचे डोळे खुडताना एक राखला होता, त्याचा फुटवा चिमटून आखूड ठेवलाय. ती दोन्ही खोडं त्यावर जिवंत आहेत, पुढच्या मार्चमध्ये पुन्हा बांधता येतील. खुंटाचे फुटवे मात्र दिसताक्षणी काढावेत.

जून. पट्ट्या उभ्या चिरून काढल्या, नाहीतर त्या सालीत रुततात. प्रत्येकाला बांबूचा आधार.

परागीकरणासाठी शेजारी कॉन्फरन्स लावणं उत्तम. बार्टलेट लावून उपयोग नाही: एनॉक बार्टलेटने अमेरिकेत स्वतःच्या नावाने पसरवलेलं झाड हे विल्यम्सच आहे.

हिवाळ्यात जागेवर लावताना खालचा जोड मातीच्या १५ सेंमी वर ठेवायचा. तो गाडला गेला तर हार्डीला स्वतःची मुळं फुटतात आणि क्विन्समुळे आलेला बुटकेपणा जातो.